इंदूर स्वच्छ झालं, पण पोरांची हगवण त्यानेच कमी झाली का?

रामबागवाला: २०१७ पासून आपलं इंदूर देशातल्या शहरांच्या स्वच्छता स्पर्धेत पहिलं येतंय. नातवंडांना पूर्वीसारखे जुलाब होत नाहीत. कचरापेट्या गेल्या, माश्या गेल्या, आजार गेला. आणखी कसला पुरावा हवा?

नारायणबागेतली: काका, 'आधी' आणि 'नंतर' एवढ्याने भागत नाही. त्याच २०१७ मध्ये मध्य प्रदेशात सरकारी लसीकरणात रोटाव्हायरसची लस आली, तीही नेमकी पोरांच्या जुलाबांवरची. श्रेय कचरागाडीचं की लशीचं? आपल्या शेजारच्या धार-खरगोनमध्ये ८० गावं घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्या तशी ४० निवडून तिथे संडासांची मोहीम राबवली होती. तिथे सुधारित संडास असलेली घरं ४१ टक्के झाली, बाकीच्या ४० गावांत २२. मुलांच्या तब्येतीत मात्र फरक दिसला नाही.

रामबागवाला: म्हणजे संडास बांधूच नयेत?

नारायणबागेतली: असं कोण म्हणतंय! निम्म्याहून जास्त घरं तशीच राहिली, मग संडासवाल्याचं पोरही त्याच घाणीत खेळणार. मोहीम जशी राबवली गेली तशी पुरली नाही, एवढंच त्यातून कळतं.

जुना इंदूरकर: चिठ्ठीशिवाय काही कळतच नाही, हा हट्ट मला पटत नाही. अख्ख्या शहराची चिठ्ठी कोण टाकणार? लंडनच्या १८५४ च्या कॉलऱ्यात डॉक्टर जॉन स्नोने कुठे टाकली होती? दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीत, घरं मिसळलेली. एकीने १८५२ मध्ये पाणी उपसायची जागा टेम्स नदीच्या वरच्या, स्वच्छ अंगाला नेली होती. दर १०,००० घरांमागे तिच्याकडे ३७ मृत्यू, दुसरीकडे ३१५! तसं भोपाळ-जबलपूर शेजारी ठेवा. लस तिथेही आली, ती वजाबाकीत उडेल. आपली घट जास्त भरली तर ती स्वच्छतेची.

नारायणबागेतली: २०१७ आधी या शहरांतला आजार एकाच चालीने चढत-उतरत होता, हे आधी दाखवा. शिवाय भोपाळही त्याच स्पर्धेत उतरलेलं, तिथेही झाडू चाललाच. स्नोच्या गल्लीत नळ तेवढा वेगळा होता. भोपाळ आणि इंदूर तसे नाहीत.

जुना इंदूरकर: मग वॉर्ड धरा. घरोघरची गाडी आधी मोजक्या वॉर्डांत सुरू झाली, नंतर ८५ वॉर्डांत. उशिरा मिळालेले वॉर्ड तेवढे महिने तुलनेला मिळतात.

नारायणबागेतली: हे मला पटलं. फक्त पहिले वॉर्ड कसे निवडले ते बघा. रुंद रस्त्यांचे, सुखवस्तू वॉर्ड आधी घेतले असतील तर पुन्हा तोच घोळ.

रामबागवाला: माझं मत अजून तेच आहे. पण दवाखान्याच्या केसपेपरवर पोराचा वॉर्ड लिहिलेला असतो का? तो नसेल तर तुम्ही दोघं मोजणार कशावरून?