डिप्लोमा, वय ३९, पीथमपूरला क्वालिटीत: आता बी.टेक. करावं का?

सुदामानगरवाला
नमस्कार मंडळी. मेकॅनिकल डिप्लोमा करून पंधराएक वर्षं झाली, तेव्हापासून इंदूरजवळच्या पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. मशीनिंग लाइनवर इन्स्पेक्शन करतो: मायक्रोमीटर, बोअर गेज (भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन), हाइट गेज, रनआउट (फिरताना पार्ट किती डुलतो ते). पार्ट हातात घेतला की टूल घासलंय की क्लॅम्प सैल आहे, हे बहुतेक वेळा माप घ्यायच्या आधीच कळतं. हुद्दा मात्र इन्स्पेक्टरवरून सीनियर इन्स्पेक्टर, बस.

मध्यंतरी आमच्याकडे सप्लायर क्वालिटीत, म्हणजे माल पुरवणाऱ्या कंपन्यांचा दर्जा तपासणाऱ्या विभागात, जागा निघाली. एचआर म्हणाले, "बी.ई. हवं." जागा मिळालेला मुलगा चांगला आहे, बोअर गेज मास्टर रिंगवर (नेमक्या मापाच्या कड्यावर) सेट करायला त्याला मीच शिकवलं. त्याच्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण ते काम मला येतं आणि मनापासून करायचंय.

नोकरदारांसाठी संध्याकाळचं बी.टेक. निघालंय म्हणतात, डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षात घेतात, म्हणजे तीन वर्षं. माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते, मुलगी नववीत आहे, आईचं वय झालंय. कंपनीत एकजण म्हणतो एएमआयई (इंजिनियर्सच्या संस्थेची परीक्षा) कर, दुसरा म्हणतो दोन दिवसांचं सिक्स सिग्मा (दोष कमी करायच्या पद्धतीचा कोर्स) कर. काय करू?

रामबागचे काका
माझी सगळी नोकरी क्वालिटीत गेली, शेवटची बरीच वर्षं माणसं निवडण्यात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एएमआयईचा विचार सोडा. ३१ मे २०१३ पर्यंत ज्यांनी नाव नोंदवलं, त्यांचंच एएमआयई सरकार पदवीच्या बरोबरीचं धरतं. आता पैसे भरून एचआरच्या त्या अटीत तुम्ही बसणार नाही. दोन दिवसांच्या सिक्स सिग्माबद्दल एवढंच की मुलाखतीत मी त्या सर्टिफिकेटवर एकच प्रश्न विचारायचो: "प्रोजेक्ट कोणता केलात?"

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येऊ. तुम्हाला जे कळतं ते तुमच्या बोटांत आहे, कागदावर नाही. सप्लायर क्वालिटीचं काम म्हणजे तेच कागदावर मांडून समोरच्याला पटवणं. आयएटीएफ १६९४९, म्हणजे वाहन उद्योगाचं क्वालिटीचं स्टँडर्ड, तुमच्या कंपनीत असणारच. त्याचं ७.२.४ कलम काढून वाचा. सप्लायरचं ऑडिट करणाऱ्याला काय यायला हवं, ते तिथे लिहिलंय: प्रोसेस अप्रोच, ग्राहकाच्या खास अटी, कोअर टूल्स (क्वालिटीच्या ठरलेल्या मूळ पद्धती), कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कशाने तपासायचं याचा तक्ता), ऑडिटचं नियोजन आणि रिपोर्ट. पदवीचा उल्लेखसुद्धा नाही. त्याच्या आधीचं ७.२.३ कंपनीच्या आतल्या ऑडिटरसाठी आहे, तुमची वाट तिथून सुरू होते. मॅनेजरला सरळ सांगा, "साहेब, पुढच्या इंटर्नल ऑडिटर ट्रेनिंगला माझं नाव घाला." याला बहुधा कोणी नाही म्हणत नाही, कारण त्या यादीत नावं कमीच पडतात.

दुसरं म्हणजे एट-डी, तक्रारीचं मूळ कारण शोधून उपाय लिहायचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट. ग्राहकाची तक्रार आली की आपल्याकडे मूळ कारणाच्या रकान्यात काय लिहितात? "ऑपरेटरला समज दिली." हे वाचून मला आजही वाईट वाटतं. अहो, टूल घासलं हे तुम्हाला दिसतं ना? मग दोन गोष्टी लिहा: ते इतकं घासेपर्यंत बदललं का गेलं नाही, आणि खराब पार्ट तपासणीतून निसटला कसा. दर पन्नास पार्टला तपासणी आणि टूल तिसाव्यालाच जातंय, असं आकड्यानिशी दाखवलंत की कंट्रोल प्लॅन बदलावाच लागतो. अशा चांगल्या चार-पाच एट-डी तुमच्या नावावर असू द्या. मी समोर बसलो असतो तर डिग्रीच्या आधी त्या मागितल्या असत्या.

लोकमान्यनगर ताई
काकांचं पटतंय, तरी एक सांगते. काका समोर बसेपर्यंत अर्ज पोहोचायला हवा ना? बाहेरच्या कंपनीत अर्ज टाकलात तर आधी डिग्रीचा रकाना बघतात. मी अकाउंट्समध्ये आहे, नोकरी आणि दोन मुलं सांभाळून एम.कॉम. केलं, त्यानंतरच मला मुलाखतीची बोलावणी येऊ लागली. म्हणून बी.टेक.चा विचार टाकून देऊ नका.

पण फी भरायच्या आधी तीन गोष्टी बघा, दादा. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्राच्या परिषदेने) २०२३ पासून नोकरदारांच्या बॅचसाठी वेगळी व्यवस्था केली आहे. तुम्ही बघताय त्या कॉलेजला त्याच बॅचची मान्यता आहे का, ते तपासा. पत्रद्वारा (डिस्टन्सने) इंजिनियरिंगची डिग्री देतो म्हणणाऱ्याच्या दारातही जाऊ नका, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानेच ते नाकारलंय. आणि डिग्री झाल्यावर हुद्दा बदलणार का, हे एचआरकडून ईमेलवर घ्या, तोंडी नको. शिफ्ट फिरती राहिली तर संध्याकाळचे वर्ग अर्धे बुडतील. त्यामुळे आधी जनरल शिफ्ट मागून बघा, मिळाली तरच प्रवेश घ्या. घरी वहिनींशी आणि मुलीशीसुद्धा बोला. तुम्ही पास व्हाल तेव्हा ती बारावीला असेल, खर्च एकदमच अंगावर येईल.

बसमधला
मीही पीथमपूरच्या बसवाला. एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर) क्वालिटीचे आणि स्टॅटिस्टिक्सचे कोर्स आहेत, शिकायला फुकट. साधारण बारा आठवडे चालतात, असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ मार्क. फी फक्त परीक्षेची, ती केंद्रावर जाऊन द्यावी लागते, म्हणून त्या सर्टिफिकेटला वजन आहे. लेक्चर डाउनलोड करून ठेवा, बसच्या वाटेत राऊच्या पुढे नेटवर्क जातं.

सुदामानगरवाला
सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं बारावीचं गणित माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. जनरल शिफ्टचा अर्ज आजच देतो, उत्तर येईपर्यंत कॉलेजचं थांबवतो. इंटर्नल ऑडिटरचं साहेबांशी बोललो, "बघू" म्हणाले, पण नाव लिहून घेतलं. काका, आमच्या बोअर गेजवर तीन शिफ्टचे तीन आकडे येतात, त्यावरून रोज वाद होतो. सुरुवात तिथून करू का?

रामबागचे काका
तिथूनच करा, याहून चांगला विषय मिळणार नाही. गेज आर अँड आर, म्हणजे मापातला किती फरक गेज आणि मोजणाऱ्यामुळे येतो त्याची चाचणी, घ्या: दहा पार्ट, तीन शिफ्टचे तीन इन्स्पेक्टर, प्रत्येकाने प्रत्येक पार्ट तीनदा मोजायचा. नव्वद रीडिंग होतील. पार्टला नंबर घाला, पण मोजणाऱ्याला तो दिसू देऊ नका आणि दर फेरीत क्रम बदला. आधीचं रीडिंग लक्षात राहिलं की माणूस नकळत तेच वाचतो.

एक्सेलमध्ये टाकून बघा. एकूण फरकातला गेजचा वाटा १० टक्क्यांखाली आला तर गेज चांगलं, ३० च्या वर गेला तर त्या गेजवर पास-नापास ठरवणं बंद करायला हवं. मधे आला तर पार्ट किती महत्त्वाचा आहे ते बघून ठरवतात. मग वाटा कुणाचा ते वेगळं करा. एकाच माणसाची तीन रीडिंग जुळत नसतील तर गेज किंवा फिक्स्चर बघा. प्रत्येकाची आपापली जुळतात पण एकमेकांशी नाही, तर सेटिंगची पद्धत बघा. तिन्ही शिफ्ट एकाच मास्टर रिंगवर सेट करतात का, हे पहिल्यांदा विचारा.

दहा पार्ट एकाच ट्रेमधून उचलू नका. वेगवेगळ्या दिवसांचे, वेगवेगळ्या मशीनचे, टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) काठावरचेही घ्या, नाहीतर टक्केवारी उगीच वाईट येते. रीडिंग झाली की शीटवरची नावं झाकून ती इथे टाका, मी बघतो.