मदत हवी आहे: परसात नेमबाजी सुरू करायची आहे, नळी मोडायची छर्‍याची बंदूक घ्यावी का?

परसूतला_नेम

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, नोकरी बेळगावात. पॅरिसला स्वप्निल कुसाळेला ब्राँझ मिळालं तेव्हापासून आमच्या घरी नेमबाजीचं खूळ शिरलंय. राधानगरी म्हणजे आपल्याला शेजारच. त्यात तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावं कोल्हापूरची, त्यामुळे आठवीतल्या लेकीला वाटतं की एवढ्या टापूतलं कुणीही बंदूक धरली की मेडल आणतं. मला मेडल वगैरे नको. रविवारी सकाळी दहा मीटरवर कागद लावून तासभर नेम धरावा, एवढीच हौस आहे.

आमचं परसू लांबट आहे, पंधरा-सोळा मीटर सहज भरेल. शेवटाला चिर्‍याचा गडगा आणि गडग्यापलीकडे शेजार्‍यांचा गोठा.

मावसभावाच्या माळ्यावर एक जुनी देशी स्प्रिंगची बंदूक पडून होती, ०.१७७ इंची नळीची. सध्या ती आणून बघतोय. मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेत, ते शिकवायला बसले. "दस्ता खांद्यात दाब, डावा हात आवळ, पकड मजबूत पाहिजे." त्यांच्या शब्दाबाहेर जायची हिंमत नाही, पण छर्रे बशीएवढ्या गोलात कुठंही पडतात. मामांचेही तसेच पडतात, म्हणून आता ते बंदुकीलाच नावं ठेवतात.

तर विचारायचं असं. लायसन्स लागतं का? हीच बंदूक नीट करून घ्यावी की नवीन घ्यावी? नवीन घेतली तर ०.१७७ की ०.२२? दुर्बीण बसवली तर नेम सुधारेल का? आणि गडग्यावर थेट कागद चिकटवला तर चालेल का?

कोगनोळी_नाका

लायसन्सचं सांगतो. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे नळीचा व्यास ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमीपर्यंत आणि नळीच्या तोंडाशी छर्‍याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर लायसन्स लागत नाही. दोन्हींपैकी एक जरी ओलांडलं तरी लागतं. म्हणजे ०.१७७ की ०.२२ हा तुमचा प्रश्न इथंच निकालात निघाला. दहा मीटरच्या कागदाला ०.२२ चा काही उपयोगही नाही.

२० ज्यूल कमी वाटत असेल तर हिशेब बघा. साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगानं निघाला तर ऊर्जा होते १० ज्यूलच्या आसपास. कागदाला ती पुरून उरते. जाहिरातीत १३००-१४०० फुटांचा वेग लिहिलेल्या बंदुकांच्या मागे लागू नका. त्या मोडायला जड, झटका जास्त आणि नेमाला वाईट.

दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो, नोंद ठेवतो. बिल जपून ठेवा. कोल्हापुरातून घेऊन हायवेनं येणार असाल तर बंदूक पिशवीत, नळी सरळ, छर्रे वेगळे आणि बिल खिशात. लांबून बघणार्‍या पोलिसाला ती छर्‍याची आहे हे कळत नाही. जुनी बंदूक बिनबिलाची असेल तर मावसभावाकडून निदान एक साधा कागद लिहून घ्या.

उसाचा_मळा

आमच्याकडं वानरं ऊस मोडूलालेत, मोर भुईमूग उकरूलालेत. मीपण एक घेतो म्हणतोय. कितीची पडते?

जांबोटी_रान

@उसाचा_मळा, मोर राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. छर्‍यानं मारला काय आणि काडतुसानं मारला काय, शिकार ती शिकारच. होला, मैना, वानर कुणावरच झाडायची नाही. छर्‍यानं जनावर लगेच मरत नाही, जखम घेऊन आठवडाभर कुजतं. भीमगड अभयारण्याच्या बाजूला तर ही वस्तू गाडीत ठेवूनही फिरू नका. अरुणाचलात २०२१ पासून लोकांनी आपणहून एअरगन जमा केल्या त्या ह्याच कारणानं, जंगलात पक्षी राहिले नव्हते. वानरांचं नुकसान खरं आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

निपाणीकर_आण्णा

आता मूळ प्रश्नाकडे. बंदुकीला नावं ठेवायच्या आधी पकड बदलून बघा. मामांचा मान राखून सांगतो, ते शिकवतात ते सगळं बरोबर आहे, फक्त ह्या बंदुकीला लागू नाही.

नळी मोडली, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवली, की आतली जाड स्प्रिंग दबते आणि पिस्टन मागं अडकतो. चाप ओढला की पिस्टन पुढं धावतो, समोरची हवा दाबली जाते आणि ती बारीक भोकातून छर्‍याला ढकलते. गंमत अशी की छर्रा हलायच्या आधीच पिस्टन पळायला लागलेला असतो. त्याच्या धावण्यानं बंदूक आधी मागं येते, पिस्टन टोकाला आपटला की पुढं जाते, आणि ह्या सगळ्या हिसक्यात छर्रा अजून नळीतच असतो. मामांच्या फौजेतल्या एसएलआर रायफलची गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या वर वेगानं जाते, नळीतून केव्हाच बाहेर पडते. हिचा छर्रा सावकाश निघतो. तेवढ्या वेळात बंदूक जशी हलेल तसं छर्‍याचं तोंड फिरतं.

आवळून धरली की दर वेळी आवळणं थोडं कमी-जास्त होतं, मग हिसकाही दर वेळी वेगळा बसतो. म्हणून बशी. उपाय हा की तिला मोकळी उडू द्यायची. डाव्या हाताचा तळवा उघडा ठेवा, बोटं दस्त्याला लपेटू नका, बंदूक तळव्यावर नुसती टेकलेली राहू दे. खांद्याला हलका स्पर्श, उजव्या हाताची मूठ सैल, गाल फक्त टेकवलेला. तळवा चापाच्या कडीजवळ ठेवून बघा, मग पुढं समतोलाच्या जागी ठेवून बघा, जिथं छर्रे जवळजवळ पडतील ती जागा पेन्सिलनं खूण करून पक्की करा. पुढं दर वेळी तिथंच. चाप ओढल्यावर लगेच डोकं वर काढायचं नाही, माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची साईट, कागदावर कुठं थांबली ते बघायचं.

टेबलावर टेकून मारायचं असेल तर बंदूक थेट लाकडावर किंवा वाळूच्या पिशवीवर ठेवू नका. पिशवीवर तळवा, तळव्यावर बंदूक. नळी तर कशालाच टेकवायची नाही.

आधी छर्रे एका जागी येऊ देत, भले ते मध्याच्या बाहेर असोत. मग साईट हलवा. मागची साईट जिकडं सरकवाल तिकडं छर्रे सरकतात. रोज थोडी थोडी साईट फिरवत बसलात तर आयुष्यभर फिरवाल.

दुर्बीण आत्ता नकोच. एक तर साध्या बंदुकीची दुर्बीण नव्वद-शंभर मीटरसाठी जुळवलेली असते, दहा मीटरवर धूसर दिसते. दुसरं, मागं-पुढं दोन्हीकडून बसणारा हा झटका स्वस्त दुर्बिणीच्या काचा आतून सैल करतो. एअर रायफलसाठीच बनवलेली घेतली तर टिकते. पण उघड्या साईटवर हात बसल्याशिवाय दुर्बीण घेतली तर तुमची थरथर मोठी होऊन दिसेल, एवढाच फरक.

छर्रे चपट्या तोंडाचे घ्या, कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं, मोजायला सोपं. टोकदार छर्रे दिसायला भारी, पण कागदासाठी काही कामाचे नाहीत. लोखंडी गोळ्या अजिबात नको, नळीतल्या आट्या खराब होतात आणि कठीण जागेवर आपटून उलट्या येतात. दोन-तीन प्रकारचे डबे आणून बघा, प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. छर्रे शिशाचे असतात, तोंडात धरायची जुनी सवय कुणाला असेल तर मोडा, आणि झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय चिवडा खायला बसू नका.

माजी_हवालदार

आण्णांचं बरोबर आहे. फौजेत आम्हाला शिकवायचे दुरुस्त पोझिशन, मजबूत पकड, दुरुस्त शिस्त (म्हणजे नेम), मग ट्रिगर. ह्या बंदुकीसाठी त्यातलं फक्त दुसरं काढून टाका, बाकी तिन्ही मामांकडून शिकून घ्या. श्वास रोखणं, शिस्त घेणं, चाप दाबत नेणं ह्यात जुन्या शिपायासारखा मास्तर मिळायचा नाही. त्यांना "तुमचं चुकलं" म्हणू नका. "मामा, ह्या बंदुकीचा झटका उलटा-सुलटा आहे, जरा सैल धरून बघा" म्हणा. स्वतः एकदा मारलं की पटेल.

गडगा_आणि_चिरा

गडग्यावर कागद चिकटवायचा विचार सोडून द्या. चिर्‍यावर शिसं चपटं होऊन कुठंही उडतं, दहा मीटरवरून डोळ्यापर्यंत यायला वेळ लागत नाही. लाकडी खोकं करा, फूटभर खोल, आत जुन्या वाकळा आणि चिंध्या गच्च भरा, पुढं कागद. टायर वापरू नका, रबरावरून छर्रा परत फिरतो. मागं गोठा आहे म्हणताय, तर खोक्याच्या मागं वाळूची पोती माणसाच्या उंचीपर्यंत रचा. ह्या छर्‍याला मोकळं रान मिळालं तर तो तीनशे मीटर तरी जातो. मारणारा आणि बघणारा दोघांनाही चष्मा हवा. शेजार्‍यांना आधी सांगा, सकाळची वेळ ठरवा. आवाज फार नसतो, पण गोठ्यातली म्हैस बुजली तर रविवारची नेमबाजी पंचायतीत जाईल.

आणि परसूत कुणी शिरलं की नळी मोडून बंदूक खाली, अपवाद नाही.

परसूतला_नेम

आण्णा, हवालदार साहेब, सगळ्यांचे आभार. तळवा उघडा ठेवून मारलं. बशीतून छर्रे कपाच्या तोंडाएवढ्या जागेत आले. मामा म्हणाले "बंदूक सुधारली". बरं, असू दे.

आता दोन शंका. लेकीला नळी मोडायला जमत नाही, जोर पुरत नाही. आणि मधूनच एखादा छर्रा बराच खाली पडतो, त्या वेळी आवाजही वेगळा येतो.

निपाणीकर_आण्णा

लेकीसाठी नळी तुम्ही मोडून द्या. पण एक नियम पक्का ठेवा: छर्रा बसवत असताना दुसर्‍या हातानं नळी घट्ट धरलेलीच पाहिजे. चापाची खाच झिजलेली असली की नळी आपोआप सरळ होते आणि मधे आलेलं बोट तोडते. जुन्या बंदुकीत तर हे जास्तच. छर्रा न घालता कधीही चाप ओढू नका, समोर हवेचा अडथळा नसला की पिस्टन जाऊन सरळ आपटतो. स्प्रिंग दाबून छर्रा भरलेली बंदूक चहा प्यायला उठताना तशीच ठेवायची नाही, छर्रा खोक्यात मारून टाका.

तिला खरंच स्पर्धेत उतरायचं असेल तर ही बंदूक तिथं चालणार नाही हे आत्ताच सांगून ठेवा. १० मीटरच्या स्पर्धेत आता दाबलेल्या हवेच्या सिलेंडरवाल्या रायफली असतात, झटका जवळजवळ नाही, दुर्बिणीऐवजी बारीक भोकाची साईट. त्या कागदावरचा काळा गोल ३०.५ मिमीचा आणि मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. अभिनव बिंद्रानं २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण मिळवलं ते ह्याच प्रकारात. त्यासाठी रेंज आणि प्रशिक्षक लागतो, परसू पुरत नाही. पण साईट कशी बघायची, चाप कसा दाबायचा, हे घरी शिकून गेली तर वाया जात नाही. उलट, स्प्रिंगच्या बंदुकीवर हात बसलेल्याला ती रायफल फार सोपी वाटते असं माझं मत आहे. काही प्रशिक्षक ह्याच्या उलट सांगतील, त्यांचं ऐका.

खाली पडणार्‍या छर्‍याचं कारण बहुधा हवा गळती. जिथं नळी मोडते तिथं एक गोल सील असतं. टिशूचा बारीक तुकडा त्या सांध्यावर ठेवा आणि खोक्यात एक छर्रा मारा. तुकडा उडाला तर सील गेलंय. शिवाय दस्त्याचे स्क्रू आवळा, दोन पुढं बाजूला आणि एक चापाच्या कडीपाशी, झटक्यानं ते ढिले होत राहतात. नळी मोडून आडवी हलवून बघा, डुगडुगत असेल तर बिजागरीचा बोल्ट कसायला हवा.

परसूतला_नेम

टिशू उडाला. चांगला हातभर उडाला. स्क्रूही ढिले होते, ते आवळले. सील बदलेपर्यंत सांध्यात थोडं मशीनचं तेल सोडू का? मामा म्हणतात तेलानं फुगून बसेल.

निपाणीकर_आण्णा

तेल अजिबात सोडू नका. ते आत पिस्टनसमोर गेलं की दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं पेट घेतं. मोठा आवाज, निळा धूर, आणि त्या धक्क्यानं स्प्रिंग आणि पिस्टनचं सील दोन्ही जातात. तेल फक्त बाहेरून, फडक्याला पुसट लावून नळी पुसायला. खानापूरचा पाऊस बघता ते मात्र दर आठवड्याला करा, आणि रेक्झिनच्या पिशवीत पावसाळाभर ठेवू नका, आत ओल धरून गंजते.

जुनं सील सुईनं अलगद काढा, खाचेला ओरखडा पडू देऊ नका. मग ते काढलेलं सीलच घेऊन एअरगनच्या दुकानात जा, नुसतं मॉडेल सांगू नका, जुन्या देशी बंदुकांत एकाच नावाखाली वेगवेगळी मापं निघतात. नवीन बसवलं की खाचेच्या किंचित वर दिसलं पाहिजे, नळी मिटताना थोडा दाब जाणवला पाहिजे. सपाट बसलं तर खाली पातळ कागदाची चकती घाला आणि परत टिशू ठेवून बघा.