रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट: एक जाड पुस्तक करू की चार पातळ?

चित्रकलेच्या_बाई
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमीजिएटची गडबड संपली की रात्रीचे दोन तास माझे. त्या दोन तासांत दीड वर्षं एक गोष्ट लिहिते-काढते आहे. आता अडलंय.

रंकाळ्याकाठच्या नंदीबद्दल आजी सांगायची, तो रोज गव्हाएवढा तळ्याकडे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो. पाण्याला टेकला की जगबुडी. लहानपणी मी फिरायला गेले की भेळेआधी नंदी जागेवर आहे ना ते बघायचे. माझी शेवंता गंगावेशीतल्या कुंभाराची नऊ वर्षांची पोर. नंदीचं अंतर मोजायचं काम तिच्यावर येऊन पडतं.

पहिला भाग वर्गात वाचून दाखवला. मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, "बाई, तांदूळ कुठला?" मला उत्तर देता येईना. घरी जाऊन ताटात दाणे ओळीनं मांडले, पट्टी लावली. गहू सहा मिलिमीटरच्या आसपास. आजऱ्याचा घनसाळ साडेचारच्या आत. बासमती सातच्या वर! म्हणजे घनसाळ धरला तर नंदी रोज दीडएक मिलिमीटर पुढे, वर्षाला जवळपास दोन फूट. बासमती धरला तर तो उलटा मागेच जाणार. त्या रात्री गोष्ट उभी राहिली. कुणीतरी मापाचा दाणा बदलतंय, आणि ते एकट्या शेवंताला कळलंय.

पुढे रंकाळ्याच्या पाण्यातला दगडी संध्यामठ, पन्हाळ्याची अंधारबाव नावाची विहीर, खिद्रापूरच्या देवळातल्या स्वर्गमंडपातलं ते गोल उघडं आकाश, आणि शेवटी परत रंकाळा असा प्रवास आहे. चित्रं शंभरावर जातील. एकच पुस्तक करावं की चार? दुसरं म्हणजे, शेवंता माझ्या हातून दर पानावर वेगळी होते. परकर तोच, वेणी तीच, पण चेहरा शेजारच्या पोरीचा. आणि भाषा? "आलीया, गेलीया" असं ठेवलं तर इतर जिल्ह्यांतल्या मुलांना कळेल का?

छपाई_लक्ष्मीपुरी
बाई, चारच करा. जाड पुस्तक रंगीत छापायचं म्हणजे किंमत अशी होते की आई हातात घेते आणि परत ठेवते. एक मोठा कागद दुमडून सोळा पानांचा एक फॉर्मा होतो. दोन फॉर्म्यांत, म्हणजे बत्तीस पानांत एक भाग बसवा. मधे पिन मारली की पुस्तक सपाट उघडतं आणि दोन पानांवर पसरलेलं चित्र शिवणीत गिळलं जात नाही. तरीही शेवंताचा चेहरा बरोबर मध्यावर आणू नका.

अक्षरं चित्रात रंगवू नका, हे हात जोडून सांगतो. छपाईत चार रंगांच्या चार प्लेटा एकावर एक येतात. मजकूर वेगळ्या थरावर आणि फक्त काळ्या प्लेटवर ठेवा. चार रंगांत गेला आणि मशीनवर एखादी प्लेट केसभर हलली, की अनुस्वार दोन दिसतात, रफार धुरकट होतो. मोठा माणूस चालवून घेतो, नुकतं वाचायला शिकलेलं पोर तिथंच अडखळतं. चारी बाजूंनी तीन मिलिमीटर चित्र जास्त काढा, कटिंगला लागतं. आणि स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कागदावर येत नाही. एक पान आधी प्रूफ काढून बघा.

निपाणीची_वाचनवेडी
आमच्यात उलटं सांगतात ओ, तांदळाएवढा पुढं आणि गव्हाएवढा मागं. ते पण गोष्टीत घ्या की! दोन आज्या भांडतायत आणि मधे शेवंता पट्टी घेऊन.

भाषेचं म्हणाल तर निवेदन साधं ठेवा, बोलणं कोल्हापुरीच राहू दे. माझी लेक शाळेत कन्नड ऐकते, घरी मराठी बोलते. तिला "लई" कळायला कोश लागला नाही, चित्रातला चेहरा बघून कळलं. छपाईवाल्या दादांनी मजकूर वेगळा ठेवा म्हटलंय ते आमच्यासाठी पण बरं आहे. उद्या कन्नडमध्ये झालं तर चित्रं पुन्हा काढायला नकोत.

बोरू_आणि_ब्रश
मीही कोल्हापुरातच शिकलो, आता पुण्यात चित्रं काढतो. चेहऱ्याचं दुखणं सगळ्यांना होतं. पान रंगवायला घेण्याआधी शेवंताचं एक वेगळं पान करा. समोरून, बाजूनं, पाठीमागून, हसताना, रडताना, पळताना. डोकं एक धरलं तर उंची किती डोक्यांची, वेणी कुठपर्यंत येते, हे ठरवून भिंतीला लावा. त्याहून चांगलं सांगू? ती कुंभाराची पोर आहे ना, मग शाडूचं तिचं डोकं करा. दिव्याखाली फिरवलं की कुठल्याही कोनातून नाक कुठं येतं आणि सावली कुठं पडते ते दिसतं. अबालाल रहिमानांनी रंकाळ्याची, कोटितीर्थाची निसर्गचित्रं केली. त्यांतला उजेड बघा. रंकाळ्याला निळा रंग फासू नका.

संध्यामठाला नियम द्या. पाणी कितव्या पायरीला आलं की दार उघडतं ते पहिल्या भागातच ठरवा आणि चौथ्यापर्यंत मोडू नका. मुलं हे लक्षात ठेवतात. तुमच्या त्या मागच्या बाकावरच्या पोराला चारही भाग आधी वाचायला द्या.

आणि लेखी करार केल्याशिवाय मूळ चित्रं कुणाच्या हातात देऊ नका. माझं एक पात्र एका प्रकाशकानं दप्तरांवर छापलं, मला बाजारात गेल्यावर कळलं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हक्क देणं लेखीच लागतं, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. पुस्तक, भाषांतर, वस्तू, सगळं वेगवेगळं लिहून घ्या. स्वतःच काढणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो, फक्त प्रत्येक भागाला वेगळा घ्या.

चित्रकलेच्या_बाई
सगळ्यांचे मनापासून आभार. चार भाग, बत्तीस पानं, नक्की. दोन आज्यांचं भांडण तर काल रात्रीच लिहून झालं. निपाणीच्या ताई, तुमची आजी दुसऱ्या भागात येतेय.

रविवारी कुंभार गल्लीतून शाडू आणला. शेवंताचं डोकं मुठीएवढं झालंय, नाक जरा चपटं आलं पण चारी बाजूंनी तीच दिसते. खिडकीत वाळत ठेवलंय. वर्गातल्या त्या पोराला बत्तीस चौकोन आखलेली वही दिली. त्यानं पहिल्याच चौकोनात पेन्सिलीनं लिहून आणलंय: "बाई, दाणा आडवा मोजायचा का उभा?"