'ट्रान्सपोर्टेशन'ला मराठीत काय म्हणायचं?

उंबरठा : नेड केली या ऑस्ट्रेलियातल्या गाजलेल्या दरोडेखोरावरच्या लेखाचा अनुवाद करतोय, दिवाळी अंकासाठी. त्याचा बाप जॉन केली आयर्लंडमधल्या टिपररीचा. १८४१ मध्ये दोन डुकरं चोरली म्हणून सात वर्षांची 'ट्रान्सपोर्टेशन' झाली आणि व्हॅन डीमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियात, रवानगी. मी 'काळ्या पाण्याची शिक्षा' लिहिलं. संपादकांनी कापलं. म्हणे, काळं पाणी म्हणजे अंदमानच, 'हद्दपार' करा.

झुंजूमुंजू : कोण म्हणतं? अंदमानची वसाहत १८५८ ची. त्याआधी इथले कैदी पिनांग-सिंगापूरला धाडत, तेही काळं पाणीच. आमच्या ऑफिसात तर गडचिरोलीची बदलीसुद्धा काळं पाणी!

खलबत्ता : 'हद्दपार' साफ चूक. हद्दीबाहेर घालवलं की सरकारचा संबंध संपला. यांना बेड्या घालून जहाजात कोंबत आणि तिकडे नेऊन राबवून घेत.

नावाडी : 'तडीपार' का नको? तड म्हणजे काठ. 'तडीस नेणे'मधली तीच. समुद्राच्या तडीपार. चपखल!

खलबत्ता : कसला चपखल! तडीपार म्हटलं की पुण्यातून काढलेला आणि साताऱ्यात बसून हप्ते गोळा करणारा भाई दिसतो.

शुद्धमती : 'द्वीपांतरवास' असा सुंदर शब्द बनत असताना ही ओढाताण कशाला?

झुंजूमुंजू : टिपररीचा गरीब माणूस घरी काय सांगणार, 'आई, मला द्वीपांतरवास झाला'?

शुद्धमती : त्याची आई मराठी नव्हती. आपण आपल्या वाचकासाठी लिहितो.

पानसुपारी : मग सरळ 'जन्मठेप'. १८६० च्या दंडसंहितेत जन्मठेपेच्या जागी 'ट्रान्सपोर्टेशन फॉर लाइफ'च होतं, ते १९५५ च्या दुरुस्तीत गेलं.

उंबरठा : सात वर्षांना जन्म कसा म्हणू? केली १८४८ मध्ये सुटला आणि समुद्र ओलांडून आजच्या व्हिक्टोरियात गेला.

नावाडी : सुटला तरी आयर्लंडला थोडाच परतला? परतीचं भाडं ज्याचं त्याने भरायचं. म्हणजे कागदावर सात, प्रत्यक्षात जन्मच. पानसुपारी बरोबर आहेत.

पानसुपारी : आभार. आणि लेखात 'भुरटी चोरी' लिहिलं असेल तर तेही काढा. डुक्कर म्हणजे तिकडच्या कुळाचा खंड. जमीनदाराचं देणं डुक्कर विकून फेडत. गमतीने त्याला 'भाडं भरणारे साहेब' म्हणत. दोन डुकरं गेली म्हणजे एखाद्याची जमीनच जायची पाळी.

खलबत्ता : 'खंड' आता कोणाला कळतो? वाचकाला ऑस्ट्रेलिया खंड वाटेल.

पानसुपारी : ज्याच्या घरात सातबारा आहे त्याला कळतो.

शुद्धमती : मुळात 'डुकरं' की 'डुकरे'? छापील लेखात असे अनुस्वार शोभत नाहीत.

झुंजूमुंजू : शोभतात. निम्मे दिवाळी अंक तसेच छापतात.

शुद्धमती : म्हणूनच मी ते घेत नाही.