मदत हवी आहे : पेव्हर ब्लॉकचे नमुने माहिती अधिकारात कसे मागायचे?

नमस्कार मंडळी. महापालिकेने प्रभागातल्या कामांची नवी यादी लावली आहे. त्यात आमच्या गल्लीपुढे 'काम पूर्ण' असा शेरा आहे. प्रत्यक्षात गटाराच्या झाकणाभोवती ब्लॉक खचलेत. पाय ठेवला की दुसरी कड वर येते आणि सांध्यातून गढूळ पाणी उडतं.

कारण उघड आहे. ब्लॉक उचलला की खाली वाळूऐवजी क्रशरची भुकटी, तिचा थरही कुठे १० मिमी, कुठे ७०. दाबल्यावर २० ते ४० मिमीचा सारखा थर हवा. जाड थर पावसात बसतो. कडेला कर्ब (ब्लॉक धरून ठेवणारा काठ) नाही, म्हणून ब्लॉक सरकतात. ब्लॉकची जाडी ६० मिमी आहे. पदपथाला ती चालली असती, पण इथून रोज कचऱ्याची गाडी जाते, तिथे ८० हवी होती.

कार्यादेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तक आणि कामपूर्तीचा दाखला मागायचा आहे. दाखल्याची तारीख सर्वांत महत्त्वाची, कारण दोषदायित्व कालावधी तिथून मोजतात आणि त्या मुदतीत दुरुस्ती ठेकेदाराच्याच खर्चाने व्हायला हवी.

कायद्याने साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. पण महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा. मग नमुन्यांसाठी वेगळा अर्ज करावा का? कुणी असे नमुने घेतले असतील तर सील कुणासमोर केलं आणि चाचणीचं शुल्क कुणी भरलं? मसुदा असल्यास कृपया इथे द्या. ठेकेदाराचं अंतिम बिल निघण्याआधी अर्ज पोचायला हवा.