अनुभव धागा: ‘काय घेणार?’ गोव्यातल्या घरांतला बार आणि पाहुणे

पर्वरी (धागा काढणारी)

माझ्या माहेरी, डोंबिवलीत, बाटली साड्यांच्या घडीमागे असायची. बाबांचे मित्र आले की आई आम्हाला आतल्या खोलीत पाढे म्हणायला बसवायची. लग्न होऊन पर्वरीला आले तर सासरी बाटल्या थेट दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, करंड्याच्या शेजारी. सासूबाई स्वतः पीत नाहीत, पण पाहुण्याच्या पेल्यात बर्फ संपला की तो सगळ्यांत आधी त्यांनाच दिसतो.

आम्ही वेगळं घर केलं तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसातली 11 माणसं जेवायला बोलावली. मी हौसेने सात प्रकारच्या बाटल्या आणल्या. त्यातली एक कॉफीच्या चवीची गोड दारू, ती चार वर्षं झाली, अजून तशीच आहे. बर्फ मात्र फ्रीजमधले दोन ट्रे. तो अर्ध्या तासात संपला. नवरा पळत जाऊन कोपऱ्यावरच्या मासळीवाल्याकडून बर्फ घेऊन आला. पुढच्या प्रत्येक व्हिस्कीला बांगड्याचा वास! कोणी बोललं नाही, हे त्यांचे उपकार.

तर तुमच्याकडे काय, किती, कुठे ठेवता ते लिहा. फसलेलं आधी लिहा. गोव्यात वयाची अट 21 आहे, त्याखालच्यांनी सोलकढीचे अनुभव लिहावेत. आणि दारू वाईट की चांगली हा वाद इथे नको, त्यासाठी घरोघरी आजेसासवा आहेत.

फोंडा, निवृत्त शिक्षक

आमच्या घरात देवघर आणि बाटली यांच्यामध्ये दोन भिंती असाव्यात असा वडिलांचा दंडक होता. मागच्या वसरीत एक लाकडी पेटारा, त्यात फेणी, सहा कोप (छोटे पेले) आणि मिठाची बरणी. एवढाच बार. चवथीला (गणेश चतुर्थीला) आणि श्रावणात पेटाऱ्याला कुलूप. किल्ली आईकडे, आणि ती सापडायची थेट चवथ झाल्यावर.

पाहुण्याला ‘पिणार का?’ असं वडिलांनी कधी विचारलं नाही. ‘मागे बसूया की पुढे?’ असं विचारायचे. पुढे म्हणजे चहा. नाही म्हणण्याचा प्रसंगच कोणावर यायचा नाही. मी अजून तसंच विचारतो. मुलाच्या फ्लॅटला मागचं-पुढचं काही नाही, त्यामुळे तो बाल्कनी म्हणतो.

म्हापसा, हॉटेलात बार सांभाळून 19 वर्षं

बर्फाचं वाचून हसलो, पण दहांतल्या आठ घरांत हेच होतं. लोक बाटलीवर पैसे घालतात आणि बर्फ-सोड्यावर कंजूषपणा करतात.

माझा घरचा हिशेब सांगतो. 750 मिलीच्या बाटलीत 30 मिलीचे 25 छोटे पेग बसतात. दहा पिणारे आले आणि प्रत्येकाने रात्रभरात चार छोटे घेतले तर 40 पेग, म्हणजे दोन बाटल्यांतही थोडी उरते. तेव्हा सात प्रकार कशाला? एक बरी व्हिस्की, एक काळी रम, एक जिन किंवा व्होडका, हंगामाप्रमाणे फेणी, आणि फ्रीजमध्ये बिअर. बस्स. सोडा, टॉनिक, पाणी मिळून दारूच्या निदान तिप्पट ठेवतो. बर्फ माणशी अर्धा ते पाऊण किलो, तोही फक्त पेल्यासाठी. बिअर गार करायच्या टबातला बर्फ वेगळा, आणि त्या टबातला बर्फ पेल्यात घालणाऱ्याला मी घरात घेत नाही. लिंबं माणशी एक.

मापाचं भांडं वापरा. आपल्याकडे मापून ओतलं तर यजमान चिक्कू वाटेल अशी भीती असते. पण हाताने ओतलेला पेग तिसऱ्या फेरीला दुप्पट झालेला असतो, आणि कितवा घेतोय ते पाहुण्यालाच कळत नाही. मापलं की त्याचा हिशेब त्याच्याकडे राहतो.

पेले एकाच जातीचे, उंच, साधे, डझनभर घ्या. चार महागडे आणि बाकी स्टीलचे असं झालं की कोणाला काय द्यायचं यात मानापमान सुरू होतो.

आणखी एक, वर्मूथ ही वाइनच आहे. उघडली की फ्रीजमध्ये, आणि महिना-दोन महिन्यांत संपवायची. एका घरात मला प्रेमाने मार्टिनी करायला सांगितली. त्यांची वर्मूथ शोकेसमध्ये उन्हात तीन वर्षं उभी होती. काय सांगू! रेड वाइनही ‘खोलीच्या तापमानाला’ म्हणून मे महिन्यात टेबलावर ठेवू नका. ती खोली गोव्यातली नव्हे. वीस मिनिटं फ्रीजमध्ये, मग ओता.

सत्तरी, काजूची बागायत

फेणीबद्दल वरती दोनदा नुसता उल्लेख झाला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पाहुण्याला फेणी देणारे पुष्कळ, पण कशी द्यायची ते थोड्यांनाच ठाऊक असतं.

आमच्याकडे बोंडू, म्हणजे काजूची फळं, झाडावरून तोडत नाहीत, पिकून पडलेले वेचतात. ते कोळंबीत (मासळी नव्हे, बोंडू तुडवायची जागा) तुडवतात. चोथ्यावर दगड ठेवून आपसूक गळतो तो निरो. तो गोड, दारू नव्हे, मुलंसुद्धा पितात, पण त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी तो आपलं डोकं चालवायला लागतो. तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबवून भट्टीवर चढवला की पहिल्या धारेची ती हुर्राक, साधारण 15 टक्क्यांची. हुर्राक आणि रस मिसळून पुन्हा चढवली की फेणी, 42-45 टक्क्यांच्या आसपास. जोर आम्ही ग्राव या जुन्या मापात मोजतो. म्हातारे मात्र बाटली हलवून फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते बघतात आणि सहसा चुकत नाहीत.

तर पाहुण्याला काय द्याल? मार्च ते मे असेल तर हुर्राक. लिमका, मीठ, लिंबू, आणि एक हिरवी मिरची उभी चिरून पेल्यात. हलकी लागते म्हणून लोक फसतात. पुण्याहून आलेला माझा मेव्हणा सरबतासारखी चार पेले प्यायला, ‘काहीच होत नाही हो’ म्हणाला, आणि उठताना पुन्हा खाली बसला. तिसऱ्या पेल्याआधी पाहुण्यासमोर ताट आलं पाहिजे, हे आमच्या घरी त्या दिवसापासून ठरलं. हुर्राक साठवायची वस्तू नाही. पाऊस लागेपर्यंत संपवायची.

फेणी मात्र टिकते, काचेत ठेवली तर मवाळ होत जाते. आजोबांचा गाराफांव, म्हणजे काचेचा मोठा बुधला, वेताने विणलेला, अजून माळ्यावर आहे. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत फेणी ठेवू नका. वासाचा घोळ होतो, आणि कोणीतरी पाणी समजून घोट घेतं ते वेगळंच.

पहिल्यांदा पिणाऱ्याला निम्मा पेग द्या. नाक मुरडलं तर राग धरू नका. तो वास सगळ्यांना पहिल्या भेटीत आवडत नाही, सासरच्या माणसांसारखाच. त्याला आगळ (कोकमाचा घट्ट रस) आणि सोड्यात घालून द्या. दुकशिरी घातलेली फेणी असेल तर तीही द्या. त्या मुळीने वास बदलतो आणि तिची चव फेणीत उतरते. माडाची फेणी वेगळी, ती सुरेपासून (माडीपासून) होते आणि तिचं घर जास्त करून दक्षिण गोव्यात. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, माड आधीपासून होताच, तेव्हा वडीलकी कोणाची ते तुम्हीच ठरवा.

काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी आमच्याच पणजीतल्या नातेवाइकांकडे पाहुणे आले की स्कॉच पुढे आणि फेणी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली! मला याचा राग येतो. लिहून टाकला.

पणजी

सत्तरीकर, ते नातेवाईक आम्हीच असू कदाचित. पण बाजू ऐका. दिल्लीचे पाहुणे येतात, त्यांना ‘गोव्याचं काहीतरी’ हवं असतं, फेणीचा वास घेतला की चेहरे बघवत नाहीत. आम्ही मधला मार्ग काढला. कुंकळ्ळीत बनणारी पॉल जॉन सिंगल माल्ट ठेवतो. हल्ली गोव्यात तयार होणाऱ्या जिनही आहेत, त्यातली एक ठेवतो. गोव्याचंही झालं आणि चेहरेही सरळ राहिले. फेणी आता ओट्याखालून वर आलीय, तुमची शपथ.

मडगाव, मूळची सांगलीची

मला एका सवयीबद्दल लिहायचंय. ‘वहिनी, तुमच्यासाठी ज्यूस आणलाय हं.’ विचारलंय कोणी? नवऱ्याला तीन बाटल्या दाखवायच्या आणि मला पपईचा ज्यूस. एका घरी तर बायकांसाठी म्हणून गोड पोर्ट वाइन वेगळी काढली होती, छोट्याशा पेल्यात, औषधासारखी. मला रम आवडते. सांगितलं. यजमान नवऱ्याकडे बघून म्हणाले, ‘चालेल ना?’ त्या घरी मी परत गेले नाही.

शिकले ते शेजारच्या आंटीकडून. ती पंचाहत्तरीची आहे. तिच्याकडे सांजांवला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, 24 जूनला, विहिरीत उड्या मारून भिजलेली पोरं रांगेने येतात. ती दारातच प्रत्येकाला टॉवेल आणि फेणीचा कोप देते, ज्याला नको त्याला आल्याचा चहा. बाई-पुरुष असा विचार नाही, फक्त वय बघते. पोरगं 21चं वाटलं नाही तर आईचं नाव विचारते. ‘कितें जाय?’ (काय हवं?) एवढंच विचारते आणि उत्तर येईपर्यंत तोंडाकडे बघत थांबते. मी आता तसंच करते.

डिचोली

मी पीत नाही. कारण सांगायला लागू नये एवढीच माझी अपेक्षा असते. ‘अरे, एक घे, काही होत नाही’ हे वाक्य मी किमान हजारदा ऐकलंय. एका मित्राकडे मात्र माझ्यासाठी आगळ, सोडा, जिऱ्याची पूड, बर्फ, आणि तोच उंच पेला. बघणाऱ्याला कळलंही नाही. त्याच्या बायकोने पुढच्या खेपेला न विचारता तेच आणून दिलं. असं घर एकच आहे, पण आहे.

काणकोण

पावसाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. जून ते सप्टेंबर आमच्याकडे लेबलांना बुरशी येते, खोक्यांत झुरळं राहायला येतात. बाटल्या खोक्यातून काढून ठेवा. व्हिस्की-रम उभी ठेवा, आडवी नको, दारू बुचाला खाते. बुचाची वाइन आडवी. गोड सिरपच्या बाटलीचं तोंड पुसून ठेवलं नाही तर मुंग्यांची दिंडी.

आणि वीज. मागच्या आषाढात आठ पाहुणे, पाचला वीज गेली ती रात्री अकराला आली. फ्रीजमधला बर्फ पाणी झाला. आमच्या सुनेने मासे आणायची थर्माकोलची पेटी धुऊन त्यात सकाळीच बर्फ भरून ठेवला होता, म्हणून लाज राहिली. (पेटी नवीन होती. पर्वरीच्या ताईंनी नोंद घ्यावी.)

वास्को

चखण्यात शेव-चिवडा ठेवण्यापेक्षा किसमूर करा. सुकी सुंगटं (कोळंबी) भाजून, खोबरं, कांदा, चिंच, पाच मिनिटांचं काम. फक्त आयत्या वेळी कालवा, मऊ पडलं की मजा गेली. शाकाहारी असतील तर सुरणाची कापां. भाजलेले काजू सगळेच ठेवतात, तेव्हा तुम्ही ठेवले नाहीत तरी चालतं.

पेडणे

बाकी सगळं लिहून झालंय, मी एकच वस्तू सांगतो: जादा गादी.

माझ्या घरून मुख्य रस्ता तीन किलोमीटर, रात्री टॅक्सी मिळायची बोंब. पाहुणा दोन पेग घेऊन स्कूटरला किक मारतो आणि ‘जवळच तर जायचंय’ म्हणतो. रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, आणि पहिल्यांदा पकडलं तरी 10,000 रुपये दंड किंवा तुरुंग, किंवा दोन्ही. पण मी दंडाची भीती घालत नाही, कारण त्यावर ते वाद घालतात. मी आल्या आल्या स्कूटरची किल्ली घेतो आणि नारळ किसायच्या आडोळीखाली ठेवतो. बायको म्हणते, यजमान आहात की पोलीस?

मागच्या शिमग्याला सावंतवाडीचे दोघे असेच अडकले. कुरकुर करत झोपले. सकाळी उकड्या तांदळाची पेज, खारातली तोरं (कोवळ्या कैऱ्या), सुक्या बांगड्याचा तुकडा. तीन वाट्या पेज प्यायल्यावर एक जण म्हणाला, आता किल्ली सापडली नाही तरी चालेल. निघताना फेणीच्या दोन बाटल्या मागत होते. परवान्याशिवाय हद्दीपलीकडे नेता येत नाही, म्हणून म्हटलं, ती प्यायला इथेच या.

ते मे महिन्यात येतायत. सत्तरीकर, माळ्यावरच्या गाराफांवात काही उरलंय का?