संघर्ष चालू असलेल्या भागात आपत्ती कोसळली, तर मदत नेमकी कुठे अडते?

अभ्यासवर्ग (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमच्या छोट्या अभ्यासगटात सध्या आपत्ती आणि युद्ध यांतील मदतकार्य हा विषय चालू आहे आणि त्यावरून सरळ दोन तट पडले आहेत. एका गटाचे म्हणणे असे की, कपडे, धान्य, औषधे अशा वस्तू गोळा करून पाठवल्या म्हणजे त्या निदान कोणाच्या तरी हाती पडतात. दुसऱ्या गटाला रोख रक्कम देणेच शहाणपणाचे वाटते. मात्र मला अधिक छळणारा प्रश्न वेगळा आहे. 6 फेब्रुवारी 2023 रोजी तुर्कस्तान आणि सीरिया यांना एकाच भूकंपाने हादरवले. तुर्कस्तानात परदेशी बचावपथके लगोलग उतरू लागली, पण बंडखोरांच्या ताब्यातील वायव्य सीरियात संयुक्त राष्ट्रांच्या मालमोटारींचा पहिला ताफा पोहोचला तो 9 फेब्रुवारीला. ढिगाऱ्याखालच्या माणसांच्या दृष्टीने हे तीन दिवस म्हणजे सारे काही होते. हा दोष कोणाचा मानायचा? आणि मदतसंस्था ज्या तटस्थतेचा एवढा आग्रह धरतात, ती अशा वेळी निव्वळ गप्प बसण्याची सोय ठरत नाही का?

अक्षांश

दोष वाटण्यापूर्वी रचना पाहावी लागेल. सीरियाच्या सरकारची संमती नसतानाही सीमेपलीकडून मदत नेता यावी म्हणून सुरक्षा परिषदेने 2014 मध्ये ठराव 2165 संमत केला आणि चार सीमानाके मोकळे केले. पुढे नकाराधिकाराच्या राजकारणात एकेक नाका गळत गेला आणि 2020 च्या मध्यापासून बाब अल-हवा हा एकच उरला. भूकंपाने नेमके त्याकडे जाणारे रस्ते उखडले, आणि ज्या तुर्की शहरांतून हे काम चाले तीही उद्ध्वस्त झाली. आणखी दोन नाके उघडायला दमास्कसने, म्हणजे सीरियाच्या सरकारने, होकार दिला तो 13 फेब्रुवारीला. तोवर ढिगारे उपसले ते मुख्यतः तिथल्याच स्वयंसेवकांनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी. वायव्य सीरियातील लोकांच्या बाबतीत आपण अपयशी ठरलो, हे संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्याच्या प्रमुखांनीही त्याच आठवड्यात मान्य केले होते.

याच्या मुळाशी संमतीचा प्रश्न आहे. महासभेच्या डिसेंबर 1991 मधील ठराव 46/182 ने मानवता, तटस्थता आणि निःपक्षपातीपणा ही तत्त्वे सांगितली, पण त्याच दमात बाधित देशाच्या संमतीची बाबही घातली. युद्धविषयक कायदा म्हणतो की, निःपक्षपाती मदतीला विनाअडथळा वाट देणे हे लढणाऱ्या पक्षांचे कर्तव्य आहे. मात्र मालाची झडती घेण्याचा हक्क तो त्यांच्याकडेच ठेवतो. झडती किती दिवस चालवायची, हे तपासनाक्यावरचा बंदूकधारी ठरवतो.

मात्र आपत्तीमुळे युद्ध नेहमीच चिघळते असेही नाही. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतात सरकार आणि बंडखोर यांच्यात ऑगस्ट 2005 मध्ये शांतता करार झाला. त्याच लाटेने झोडपलेल्या श्रीलंकेत मात्र सरकार आणि तमिळ बंडखोर यांची मदतवाटपाची संयुक्त यंत्रणा कागदावरच राहिली आणि 2006 मध्ये लढाई पुन्हा पेटली.

गोदामवाला

वस्तू की रोख, एवढ्यावरच बोलतो, कारण मदतसाहित्याच्या साठवणुकीत माझा बराच काळ गेला आहे. मोठी आपत्ती झाली की धावपट्टी, क्रेन, मालमोटारी आणि कुलूप लागेल अशी खोली या चार गोष्टींची सर्वांत जास्त टंचाई असते. कोणी न मागितलेली प्रत्येक पेटी या चारांपैकी काही ना काही अडवून बसते. ती उघडावी लागते, वेचावी लागते आणि पुष्कळदा फेकावीही लागते. उन्हाळ्यात आलेले लोकरीचे कोट हा आमच्या धंद्यातला शिळा विनोद आहे. औषधांचे प्रकरण मात्र विनोदाचे नाही. 1992 ते 1996 या काळात बोस्नियात आलेल्या औषधांपैकी सुमारे 17,000 टन औषधे निरुपयोगी ठरली. काहींची मुदत संपली होती, काहींवरील भाषा कोणाला वाचता येत नव्हती आणि काहींची तिथे गरजच नव्हती. शिवाय मुदत संपलेले औषध सरसकट जाळता किंवा पुरता येत नाही, म्हणजे त्याची विल्हेवाट हा वेगळा खर्च. जागतिक आरोग्य संघटनेने 1996 मध्ये औषधदानाचे नियम प्रसिद्ध केले ते अशाच अनुभवांमुळे. पोहोचताना मुदत निदान एक वर्ष शिल्लक हवी आणि वेष्टनावर औषधाचे मूळ नाव हवे, हे त्यांतले अगदी साधे नियम. तेही सर्रास मोडले जातात.

बाजार चालू असेल तर रोख रक्कम बहुधा सरस ठरते, कारण कोणाला पीठ हवे, कोणाला भाडे आणि कोणाला चष्मा, हे बाहेरच्यापेक्षा त्या घरालाच अधिक कळते. 2011 मध्ये दक्षिण सोमालियाच्या काही भागांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा सशस्त्र गटाने अनेक संस्थांना मज्जाव केला होता. धान्याचे ताफे नेणे दुरापास्त झाल्यावर पैसे हवाला व्यापाऱ्यांमार्फत कुटुंबांपर्यंत गेले आणि धान्य तिथल्याच दुकानदारांनी आणले. त्यातही गळती झाली. पण गळती धान्यालाही लागते, फक्त पोते दिसते म्हणून आपला जीव भांड्यात पडतो.

तरीही तुमच्या गटातल्या काही मंडळींसारखा मी रोखीचा भक्त नाही. वेढा पडलेल्या शहरात दुकानाची फळीच रिकामी असेल तर नोटा वाटून भाव तेवढे चढतील. शिवाय काही वस्तू बाजारात मिळतच नाहीत. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाभोवती, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, एक रंगीत पट्टी गुंडाळतात. घेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी भरला, म्हणजे पट्टीची खूण लाल भागात आली, तर ते मूल तीव्र कुपोषित ठरते. त्याला शेंगदाणा, दूधभुकटी, साखर आणि तेल यांच्या लगद्याची 92 ग्रॅमची पुडी देतात. त्यात 500 किलोकॅलरी असतात, ती शिजवावी लागत नाही आणि तिच्यात पाणीही घालावे लागत नाही, त्यामुळे दूषित पाण्याचा धोका टळतो. ही पुडी बाहेरूनच न्यावी लागते. मागणी कोणी नोंदवली आणि ती कोणत्या मोजमापावरून, एवढे विचारले तरी पाठवण्याजोग्या वस्तू आपोआप निवडल्या जातात.

साधकबाधक

तटस्थतेबद्दलचा आपला संशय जुनाच आहे. बियाफ्राच्या युद्धात, म्हणजे 1967 ते 1970 या काळात, रेडक्रॉसच्या मौनाने अस्वस्थ झालेले काही फ्रेंच डॉक्टर 1971 मध्ये ‘सीमारहित डॉक्टर’ या संघटनेच्या स्थापनेत होते. तरीही रेडक्रॉसच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी: जाहीरपणे बोलणाऱ्याला कैद्यांच्या कोठडीत सहसा कोणी जाऊ देत नाही.

खरी कसोटी लागली ती 1994 मध्ये, रवांडाच्या सीमेलगत तेव्हाच्या झाईरमधील गोमा येथे. रवांडातून आलेल्या लाखो निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा आणि हगवण यांनी पहिल्या महिन्यात सुमारे 50,000 माणसे मेली. त्याच छावण्यांवर वंशसंहार घडवणाऱ्यांची पकड होती आणि शिध्याचे वाटप त्यांच्या हातून होत होते. ‘सीमारहित डॉक्टर’च्या फ्रेंच शाखेने वर्ष संपण्यापूर्वीच तिथले काम थांबवले, इतर पुष्कळ संस्था मात्र तिथेच काम करत राहिल्या, कारण मुलांनी काही गुन्हा केला नव्हता. माझ्या मते दोन्ही निर्णयांचे समर्थन करता येते, आणि म्हणूनच तो प्रसंग तटस्थतेच्या कोणत्याही व्याख्येत नीट बसत नाही. त्या अनुभवानंतर 1997 मध्ये मदतकार्याच्या किमान मानकांचे काम सुरू झाले: माणशी रोज 15 लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, वीस माणसांमागे एक संडास.

अभ्यासवर्ग

सविस्तर उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. गटात आता रोख देण्याकडे कल झुकतो आहे. पण देणगी घेणाऱ्या संस्थेची पारख लहान देणगीदाराने कशी करावी?

गोदामवाला

छायाचित्रांवर जाऊ नका. संस्था तिथे आपत्तीपूर्वी काम करत होती का, हे आधी विचारा, कारण ओळखदेख एका रात्रीत होत नसते. स्थानिक संस्थांना थेट किती वाटा जातो, हेही विचारा; 2016 च्या इस्तंबूल परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी तो 25 टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते आणि प्रत्यक्षात तो त्याच्या खूप खाली राहिला आहे. लाभार्थ्यांच्या याद्या कोठे ठेवल्या जातात, हा प्रश्न युद्धक्षेत्रासाठी मुद्दाम विचारावा, कारण तिथे नावांची यादी भलत्या हाती पडली तर माणसे जिवाला मुकतात. शेवटी, शक्य असेल तर देणगीला कोणतीही अट घालू नका. ‘फक्त तंबूंसाठी’ म्हणून दिलेल्या पैशांतून पाण्यात टाकायचे क्लोरीन घेता येत नाही.